उजव्या रानातला हललेला माणूस

गुरुजी,

आज शुक्रवार, म्हणजे इथली सुट्टी. मशिदीतली दुपारची नमाज नुकतीच संपली आहे. स्वयंपाकघरात सूनबाई हमूर तळते आहे (हमूर हा इथला मासा, आपल्या सुरमईपेक्षा मऊ) आणि मुलगा तिच्याशेजारी उभा राहून कांदा चिरतो आहे. मी मागच्या खोलीत नातीच्या टेबलावर बसून, तिच्याच रेघांच्या वहीत हे लिहितो आहे. जेवायची हाक यायला अजून पाऊण तास तरी आहे. तेवढ्यात मला एक गोष्ट ठरवायची आहे आणि ती कुणाला विचारून ठरवावी म्हटलं, तर तुमच्याशिवाय कोणी डोळ्यांपुढे येत नाही. तुम्हाला जाऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली, हे मला ठाऊक आहे. अजून तरी ठाऊक आहे. हे ‘अजून तरी’ अलीकडे माझ्या प्रत्येक वाक्याला येऊन चिकटतं. मी घाबरलो आहे, गुरुजी.

तुम्ही शिकवलेली नऊ जणांची कविता मी रोज सकाळी दाढी करताना म्हणतो. माझ्या वयाचे लोक सकाळी उठून रक्तदाब मोजतात, तसं. आरशात बघत, साबणाच्या तोंडानं, तुम्ही लावून दिलेल्या चालीवर. नऊच्या नऊ जण आले की दिवस बरा जाणार, असं मी ठरवून टाकलं होतं. ती इथं लिहून काढतो. सहावी ओळ मोकळी सोडली आहे. का, ते पुढं येईल.

चेंडू टाकी तो लोहार,
झेली खाटीक तो वार.
पहिल्याला गाडीवान,
दुसऱ्याला न्हावी सान.
तिसऱ्याला खाणकरी,
. . . . . . . . . . . .
डाव्या रानी तो सुतार,
मधे शिंपी गातो फार.
उजव्याला कोण होता?
हलला तो, गेला आता.

मिशनच्या आपल्या शाळेतलं ते काचेचं कपाट मला दिसतं आहे. वरच्या फळीवर भुसा भरलेला गरुड, खालच्या फळीवर कुणी जुना अमेरिकन पाद्री मागं ठेवून गेलेलं सामान, आणि त्यात तो फोटो. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कडा वाळवीनं खाल्लेल्या. नऊ माणसं, मोठमोठ्या मिशा, छातीवर दोऱ्या आवळलेले सदरे. त्या पाद्रीसाहेबांचे वडील त्यातले डावीकडचे, सुतार. मागच्या बाजूला पाद्रीसाहेबांनी बारीक अक्षरात सगळी हकीकत लिहून ठेवली होती आणि तुम्ही शब्दकोश घेऊन दिवाळीच्या सुट्टीत ती मराठीत उतरवलीत. हे नऊ जण एका अमेरिकन गावाचे बेसबॉल खेळणारे. नुसते खेळणारे नव्हेत, खेळायचा पगार घेणारे! वर्गात आम्ही पोरं चकित झालो होतो. खेळल्याबद्दल घरी मार मिळतो, पगार कसा मिळेल? त्या काळी हातमोजेसुद्धा नव्हते. उघड्या हातानं चेंडू झेलून झेलून बोटं वाकडी व्हायची, आणि खाटकाचं नाक तीनदा मोडलेलं होतं. गेल्याच्या गेल्या शतकातली गोष्ट, म्हणालात तुम्ही, आणि मला ते फार लांब वाटलं. आता माझं आपल्या शाळेत असणंही गेल्या शतकात जाऊन बसलं आहे.

आणि तो संघ टिकला किती, तर एक उन्हाळा. मग संघ परगावी असतानाच मालकानं मैदानाच्या फाटकाला कुलूप घातलं आणि तो निघून गेला. नऊ जण रेल्वेच्या रुळांच्या कडेकडेनं चालत घरी निघाले. आठ पोचले. उजव्या रानात, म्हणजे मैदानाच्या उजव्या टोकाला, उभा राहणारा वाटेत कुठं मागं राहिला, ते पाद्रीसाहेबांच्या वडिलांनाही सांगता आलं नाही. त्याचं नाव कुणाला आठवत नव्हतं आणि फोटोतही त्याचा चेहरा नव्हता. त्या काळी फोटोसाठी श्वास रोखून उभं राहावं लागे आणि हा नेमका त्याच वेळी मान वळवून कुठंतरी बघायला गेला. आठ चेहरे लख्ख, नवव्याच्या जागी धुराचा पुंजका.

तुम्ही आम्हा नऊ जणांना त्या नऊ जागा वाटून दिल्यात आणि मला आलं उजवं रान. तिकडं चेंडू क्वचितच येतो. मी आपला उभा, तोंडानं कविता पुटपुटत. तुम्हाला ते दिसायचं आणि तुम्ही ओरडायचात, “ए उजवं रान! कवितेतून खाली उतर, चेंडू आला!” वाटणीवरून एक भटजीबुवा तणतणत शाळेत आले होते, तेही आठवतं. “गुरुजी, आमच्या पोराला खाटीक केलंत म्हणे?” तुम्ही हातातला खडू खाली न ठेवता म्हणालात, “झेलणारा केलाय, काका. नवांत तो सगळ्यात धीट लागतो. नको असेल तर दुसऱ्याला देऊन टाकतो.” भटजीबुवा घुटमळले. “धीट म्हणता? मग राहू दे त्याच्याकडंच.” त्या दिवसापासून तो पोरगा नाकाला पट्टी बांधून हिंडायचा.

या खेळातली एक गोष्ट मला तेव्हापासून आवडते. क्रिकेटमध्ये पोरं समोरच्या टोकाला पळतात. यात चार तळ, म्हणजे धावताना पाय टेकायच्या जागा, असतात आणि चौथ्याला म्हणतात घर. जिथून निघालात तिथंच फिरून परत पोचलात, तरच धाव धरायची. तिसऱ्या तळापर्यंत जाऊन अडकलेल्याचं काहीच धरत नाहीत. आपल्या मैदानावर घर म्हणजे शहाबादी फरशीचा एक तुकडा होता. मी तुम्हाला एकदा विचारलं होतं, “गुरुजी, तो नववा घरी पोचला असेल का?” तुम्ही म्हणालात, “कुणी लिहिलेलं नाही.” मी म्हटलं, “मग पोचला असं आपण लिहू या की.” तुम्ही म्हणालात, “ठाऊक नाही ते लिहायचं नाही.” मला ते तेव्हा कळलं नव्हतं. म्हणूनच पुढं तपासणीच्या दिवशी ते झालं.

शाळा तपासायला साहेब आलेले. व्हरांड्यात आम्ही ओळीनं उभे, माझा आवाज बरा म्हणून मी पुढं. पाच ओळी सुरळीत म्हटल्या आणि सहाव्या ओळीशी माझ्या डोक्यात एकदम पांढरं झालं. मधल्या फटीत, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या तळाच्या मध्ये उभा राहतो तो कोण, ते येईना. थांबलो नाही मी. चाल पुढं ढकलत होती. क्षणात एक माणूस बनवला, मात्रेत बसवला आणि पुढं गेलो. साहेबांनी माझी पाठ थोपटली. ते गेल्यावर तुम्ही मला पाण्याच्या रांजणापाशी बोलावलंत.

“तो कोण होता?”

“कोण, गुरुजी?”

“आत्ता तू उभा केलास तो.”

मी रांजणाचं झाकण सरळ करायला लागलो.

“विसरलास?”

“नाही गुरुजी.”

तुम्ही मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही रांजणातून पेलाभर पाणी काढून मला दिलंत आणि हळूच म्हणालात, “विसरलास तर विसरलो म्हणावं, बाळ. जागा मोकळी ठेवावी. मोकळी जागा दिसली तर शोधायला कुणीतरी येतं. तू तिथं भलताच माणूस उभा केलास, आता खऱ्याला शोधायला कोण येणार?” दुसऱ्या दिवशी खेळाच्या तासाला आमच्यातला एक जण तापानं आला नव्हता. त्याच्या जागी तुम्ही दुसरा कुणी घेतला नाहीत. आठ जणांतच खेळवलंत. तिकडं चेंडू गेला की तुम्ही म्हणायचात, “ती जागा मोकळी आहे, सगळ्यांनी लक्ष ठेवा.” आणि गंमत म्हणजे सगळे ठेवायचे.

आता इथलं सांगतो. माझा मुलगा सौदीत, रास तनुराला, तेलाच्या कंपनीत इंजिनिअर आहे, सूनबाई इस्पितळात नर्स. माझी बायको, म्हणजे तुमची सूनबाई, मागच्याच्या मागच्या वर्षी गेली आणि मुलानं मला पुण्याच्या फ्लॅटमधून उचलून इकडं आणलं. वसाहत म्हणजे एकसारखी पांढरी घरं, प्रत्येकाला तीच बोगनवेल, तेच पायपुसणं, मागं समुद्र आणि समुद्राच्या वर रिफायनरीची ती कधीच न विझणारी ज्योत. पहिल्याच आठवड्यात नातीच्या बसथांब्याजवळ मला काय दिसावं? अमेरिकन मुलांसाठी केलेलं बेसबॉलचं मैदान! तारेचं कुंपण, तांबडी माती, चार तळ, आणि घर, खरंखुरं पांढरं पाचकोनी घर. गुरुजी, आपल्या फरशीच्या तुकड्यापलीकडं ही गोष्ट मी जन्मात पाहिली नव्हती. नुसती पाठ होती मला. मी कुंपणाला नाक लावून उभा राहिलो आणि बोटानं दाखवत गेलो, लोहार तिथं, खाटीक इथं. नात सात वर्षांची. मराठीत विचारलं तर बहुतेक वेळा हिंदीत उत्तर देते आणि रागावली की इंग्रजीत. ती म्हणाली, “आजोबा, आपको कैसे मालूम?” मी तिला कविता शिकवली. बसमधून उतरून घरी येईपर्यंत ती एकदा म्हणायची, असा आमचा नियमच झाला. नऊ ओळींत घर येतं, असं आम्ही मोजून ठेवलं होतं. दहावीला दाराची बेल.

आणि मग एके दिवशी ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “आजोबा, कधी तुम्ही जुळारी म्हणता, कधी टपाली. व्हिच वन?”

सहावी ओळ. ‘जुळारी ती फट धरी.’ ‘टपाली ती फट धरी.’ दोन्ही मात्रेत बसतात, दोन्ही माझ्या तोंडून तितक्याच सहज निघतात. त्यातला एक तुमचा आहे, फोटोमागं लिहिलेला, खरा. दुसरा मी रांजणाच्या दिवशी बनवलेला. माझे मामा छापखान्यात खिळे जुळवायचे, तेव्हा मी जुळारी बनवला असेल. त्या सकाळी टपालवाला व्हरांड्याच्या पायरीशी उभा होता, तेव्हा टपालीही बनवला असेल. साठपासष्ट वर्षं मला हे नीट ठाऊक होतं. कधी गेलं ते कळलं नाही. शाळा सोडताना तुम्ही स्वतःच्या अक्षरात लिहून दिलेला कागद बिऱ्हाडं बदलताना गेला, आता तो माझ्याजवळ नाही. त्या दिवशी मी नातीला म्हणालो, “दोन्ही चालतं.” बघा, पुन्हा तेच केलं.

पण पत्र लिहितो आहे ते या ओळीसाठी नाही. गेल्या मंगळवारसाठी. दुपारी सव्वादोनला बस आली. इथलं ऊन तुम्हाला कसं सांगू, भट्टीचं दार उघडावं तसं तोंडावर येतं, आणि समुद्राची वाफ वरून. आम्ही मैदानाच्या कडेनं निघालो, नातीनं कविता सुरू केली, दहावी ओळ झाली आणि मी बघतो तर पुढं आमचं दार नाही. तसंच एक घर होतं, तशीच बोगनवेल, पण पायऱ्यांवर कुणाच्या तरी दोन सायकली. मी वळलो. पुढच्या गल्लीतही तसंच घर. मग माझ्या डोक्यात पांढरं झालं, व्हरांड्यातल्यासारखं. घराचा नंबर नाही, गल्ली नाही, मी कुठल्या बाजूनं आलो तेही नाही. नात म्हणाली, “आजोबा, हम कहाँ जा रहे हैं?” आणि मी, गुरुजी, हसून म्हणालो, “आज आपण जरा फिरायला निघालोय.”

त्या उन्हात. तिच्या पाठीवर दप्तर. मी तिला मैदानाभोवती दोनदा फिरवलं, तोंडानं मजेत बोलत, आणि डोळ्यांनी प्रत्येक दार तपासत. तिचं तोंड लाल झालं, मग पांढरं. बाटलीतलं पाणी संपलं. ती म्हणाली, मला मळमळतंय, आणि खेळाडूंच्या बाकाच्या सावलीत मटकन बसली. तिला ओकारी झाली. मी रुमालानं तिचं तोंड पुसतो आहे आणि अजूनही मला सुचतं ते काय, तर आता पुढं काय सांगावं.

मैदानाला पाणी घालणारा माळी गोरखपूरकडचा आहे. तो नळी टाकून धावत आला. “चाचा, घर कौन सा है?”

“इधर ही है, बेटा.”

“इधर तो सब इधर ही है, चाचा!” म्हणाला, आणि एवढ्यातही त्याला हसू आलं. मग नातीकडं वाकून बघितलं आणि त्याचं हसू गेलं. त्यानं तिच्या डोक्यावर पाणी ओतलं, आपल्या डब्यातलं लिंबूपाणी पाजलं. घराचा नंबर तिनं सांगितला. “यल्ला, चलो, बैठो,” म्हणत त्यानं आम्हाला आपल्या छोट्या गाडीत घातलं, खुरपी आणि खताच्या पिशव्यांच्या मध्ये. घर तीन मिनिटांवर होतं. उतरताना मला म्हणाला, “चाचा, अकेले मत निकला करो. बच्ची साथ हो तो बिलकुल नहीं.” त्याला कळलं होतं. अनोळखी माणसाला एका नजरेत कळलं होतं.

सूनबाई रात्रपाळी करून झोपलेली. उठल्यावर तिला सांगितलं, बस उशिरा आली, पोरीला ऊन लागलं. तिनं लेकीचं कपाळ बघितलं, मीठसाखरेचं पाणी दिलं. दाराआड मी नातीला म्हणालो होतो, “हे आपल्या दोघांतच हं.” तिनं मान डोलावली. त्या मानेनं मला मंगळवारपासून जेवण जात नाही. सात वर्षांच्या पोरीला मी माझी फट धरायला उभं केलं.

आणि परवा रविवार. इथं आठवडा रविवारी सुरू होतो. सूनबाईला दुपारची पाळी लागली आहे. काल मुलगा तिला म्हणाला, “बाबा आहेत ना घरी, मग कसली काळजी? बसवरून आणतील, खायला देतील, संध्याकाळपर्यंत दोघं खेळतील.” ती माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, “हो हो, आहे की मी.”

सांगितलं तर काय होईल, तेही मला दिसतं. मला पुण्याला परत पाठवतील, त्या बंद फ्लॅटमध्ये एखादा माणूस ठेवून. नाहीतर इथंच दाराला वरची कडी लागेल. डॉक्टर येतील, स्मरणशक्ती तपासायला कागदावर घड्याळ काढायला सांगतील. मुलगा माझ्याशी मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागेल. सगळ्यात मोठी भीती तीच. आणि नाही सांगितलं तर रविवारी सव्वादोनला बस येईल.

हाक आली. जातो.

परत येऊन बसलो आहे, गुरुजी. हाताला अजून हमूरचा वास आहे. न्हाणीघरात हात धुताना ‘विसरलो’ हा शब्द तीनदा म्हणून पाहिला आणि मगच ताटावर गेलो. पहिला घास घ्यायच्या आधी म्हटलं, “मंगळवारी बस उशिरा आली नव्हती. मी घर विसरलो.”

मुलगा म्हणाला, “म्हणजे?”

“म्हणजे आपलं घर. कुठं आहे ते विसरलो. हिला तासभर उन्हात फिरवलं आणि फिरायला चाललोय म्हणून सांगितलं. रविवारी मी बसवर जाणार नाही.”

मुलानं ताट सारलं. “बाबा, पंचेचाळीस डिग्रीत? आणि हे तुम्ही आज सांगताय?” आवाज चढला त्याचा, चढायलाच हवा होता. मग तो उठून खिडकीशी गेला आणि पाठमोराच उभा राहिला. तो लहानपणी घाबरला की असाच पाठमोरा उभा राहायचा. सूनबाईनं एवढंच विचारलं, “कधीपासून होतंय, बाबा?” तिला ठाऊक होतं, निदान संशय होता. मी म्हणालो, “नक्की सांगता येत नाही. विसरलो.” पुन्हा म्हणताना सोपं गेलं. ती म्हणाली, पोरीला शेजारच्या मल्याळी बाईंकडं दुपारी ठेवता येईल, आणि माझ्यासाठी आधी तिच्या इस्पितळातल्या डॉक्टरांना भेटू, मग पुढचं पुढं. नात माझ्याकडं बघत होती. “आजोबा, मग आता सीक्रेट नाही?” नाही, म्हटलं. तिनं मोठा श्वास सोडला आणि काटा काढायला आपला मासा माझ्या पुढ्यात सरकवला.

भीती गेलेली नाही. शेजारच्या खोलीत दोघं हळू आवाजात बोलताहेत आणि मधूनच पुण्याचं नाव ऐकू येतं. मघाशी नात येऊन वहीत डोकावली. मोकळी ओळ बघून म्हणाली, “इथं कोण?” मी म्हटलं, “विसरलो.” ती पेन्सिल उचलून काही लिहायला गेली, तर मी म्हटलं, “राहू दे. मोकळीच असू दे. तू लक्ष ठेव.”

हे पत्र वहीतच राहील. एक सांगायचं राहिलं, गुरुजी. मघापासून मी तुम्हाला रांजणापाशी उभं असलेलं बघतो आहे. पेला दिसतो, हातावरचा खडू दिसतो, धोतराचा सोगा दिसतो. वर बघितलं की तुम्ही मान वळवलेली असते. तिथं धुराचा पुंजका आहे. मी तिथं दुसरा कुठलाही चेहरा बसवलेला नाही.